जुन्या मोटारीस तीन नवीं मापकें

इंग्लंडांत १९४८ सालीं विक्रीस आलेली मॉरिस मायनर ही लहान मोटार कित्येक कुटुंबांनीं अद्यापि प्रेमानें जतन करून ठेविली आहे. १९५४ च्या अखेरीपासून निघालेल्या गाड्यांत डॅशबोर्डाच्या मध्यभागीं एकच मोठी तबकडी असते. तींत वेग व पेट्रोल हीं दोन मानें कांट्यानें कळतात. तेलाचा दाब व विजेचा पुरवठा यांविषयीं केवळ दिव्यांची सूचना मिळते. आणि एंजिनांतील पाणी किती तापलें, हें मुळींच कळत नाहीं.

येथें अडचण कोणती तें पाहा. गरम एंजिन वेगानें चालत असतां तेलाचा दाब दर चौरस इंचास सुमारें ६० पौंड असावा. तो ३० वर उतरला तरी दिवा लागत नाहीं. दाब बहुतेक नाहींसा झाल्यावरच लागतो. तोंपर्यंत बेअरिंगें खराब होऊन चुकण्याचा संभव असतो. तीच गोष्ट पाण्याची. घाट चढतांना वाफ दिसूं लागली म्हणजेच चालकास समजतें, आणि तो घाईनें रेडिएटरचें झाकण उघडूं लागला तर हात-तोंड भाजून घेतो. म्हणून तेलदाब, उष्णता व विद्युद्दाब दाखविणारीं तीन मापकें जोडण्याचा विचार करूं.

जत्रेंतील कागदी गुंडाळीची पिपाणी तुम्हीं फुंकली असेल. आंत हवेचा दाब वाढतांच गुंडाळी सरळ होऊं लागते. चपटी व वांकविलेली धातूची नळीहि अशीच वागते. या गुणाचा उपयोग करून यूजेन बूर्डन या फ्रेंच यंत्रज्ञानें १८४९ सालीं दाबमापकाचें पेटंट घेतलें. तेलदाबमापकांत हीच नळी असून तिच्या टोंकास कांटा जोडलेला असतो. जुन्या पद्धतीच्या उष्णतामापकांतहि तीच असते. मात्र तेथें पाण्यांत बुडालेल्या बंद गोळ्यांतील द्रवाची वाफ केसासारख्या बारीक नळींतून दाब पोंचविते.

आतां कृति. एंजिन पूर्ण थंड असावें व वडील मंडळींपैकीं कोणी जवळ असावें. प्रथम बॅटरीची गाडीच्या अंगास जोडलेली तार सोडावी. मूळ डॅशबोर्डास भोंक पाडूं नये; एकदां कापलेला पत्रा पूर्ववत् होत नाहीं. त्याखालीं बसेल अशी निराळी पट्टी करावी. बहुतेक मापकांस ५२ मिलिमीटर व्यासाचें भोंक लागतें. तें आधीं पुठ्ठ्यांत कापून, चालकाच्या जागीं बसून, तिन्ही कांटे दिसतात कीं नाहीं हें पाहावें आणि मगच पत्र्यास हात घालावा.

तेलदाबासाठीं दिव्याचें बटण काढून तेथें तीन तोंडांचा सांधा बसवावा. एका तोंडास तें बटण परत लावावें, दुसऱ्यास मापकाची नळी. म्हणजे दिवा व कांटा दोन्ही राहतात. ही नळी धुराच्या नळापासून दूर न्यावी. कारण फुटल्यास तापलेलें तेल त्यावर पडून आग लागेल. उष्णतामापकाचा गोळा बसविण्यापूर्वीं रेडिएटरमधील थोडें पाणी काढून घ्यावें. त्याची बारीक नळी कापूं नये वा मुडपूं नये. जास्त लांबी सैल वेटोळें करून ठेवावी.

वर्गांत शिकल्याप्रमाणें अँमीटर मंडलाच्या ओळींत जोडतात, व्होल्टमीटर समांतर. अँमीटर घेतल्यास जवळजवळ सर्व प्रवाह डॅशबोर्डापर्यंत आणावा लागतो, व सैल सांधा तापून पेट घेऊं शकतो. यास्तव घरगुती कामास व्होल्टमीटर बरा. त्याची तार किल्ली फिरविल्यावरच वीज येणाऱ्या, फ्यूजनें राखलेल्या टोंकावरून घ्यावी. पत्र्यांतून जेथें तार जाते तेथें रबरी कडें अवश्य बसवावें. या गाडींत मूळचें बॅटरीचें धन टोंक गाडीच्या अंगास जोडलेलें असे. आजच्या गाड्यांत ऋण टोंक जोडतात. म्हणून आपल्या गाडींत काय आहे तें पाहूनच तारा जोडाव्या. उलट जोडणीनें इलेक्ट्रॉनिक मापक जळून जाईल.

शेवटीं परीक्षा. उष्णतामापकाचा गोळा बसविण्यापूर्वींच उकळत्या पाण्यांत धरावा. समुद्रकांठीं कांटा १०० अंशांवर यावा. महाबळेश्वरीं सुमारें ९५ वर. भरलेली बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते व एंजिन वेगानें चालूं लागतां १४ च्या आसपास. तेव्हांहि कांटा वर चढला नाहीं तर डायनामो भरणा करीत नाहीं. १५ च्या वर गेला तर नियामक बिघडला. एंजिन सुरू झाल्यावर प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद टेकवावा. डाग पडला तर लगेच एंजिन बंद करून सांधा आवळावा.

शर्यतीच्या मोटारी सजविणारे लोक मापकें अशीं फिरवून बसवितात कीं सर्व कांहीं ठीक असतां प्रत्येक कांटा सरळ वर राहावा. आंकडे न वाचतां, एक कांटा कलला तरी नजरेस येतो. हीच योजना आपणहि करावी. तथापि कांटा केवळ सांगण्याचें काम करतो; तो कलतांच गाडी कडेस उभी करून एंजिन थंड होऊं देणें हें चालकाचेंच कर्तव्य होय.