मुलांचं वय आधी मोजा

ग्रीन कार्डाच्या फायलीत आईबापाच्या वयाला कोणी विचारत नाही. पन्नाशीत जा, साठीत जा, दार तेच. वय मोजलं जातं ते पोरांचं, आणि तेही दिवसांच्या हिशेबात. अर्ज भरताना हे कोणी सांगत नाही. तेव्हा सगळे पेढे वाटण्यात असतात.

माझा भाऊ न्यू जर्सीत. तो अमेरिकेचा नागरिक झाला आणि २००४च्या ऑगस्टमध्ये त्याने माझ्या नावे आय-१३० अर्ज टाकला. नागरिकाच्या भावंडांचा हा गट, एफ-४. जगभरातल्या भावंडांना मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा, आणि एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा. भारतातून मागणारे अफाट, त्यामुळे रांग पंधरा वर्षांच्या पुढे जाते. अर्ज टाकला तेव्हा माझी मुलगी अकरा वर्षांची होती आणि मुलगा पहिलीत. मी श्रीवर्धन तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, यजमान वाडी बघत होते. नारळ थोडे, सुपारी जास्त, आमची ती श्रीवर्धनी रोठा. फाईल कपाटात गेली आणि आम्ही ती विसरून गेलो म्हटलं तरी चालेल.

आमच्या किनाऱ्याला परदेश नवा नाही. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूडच्या घराघरांतली माणसं आखातात आहेत, पण तिथे जन्म काढला तरी कायमचा मुक्काम क्वचितच. अलिबागच्या इस्रायल आळीतली, रेवदंड्याची बेने इस्रायल कुटुंबं इस्रायलला गेली, ती मुलाबाळांसकट. त्यांचा १९५०चा परतीचा कायदा १९७०मध्ये बदलला, तेव्हापासून ज्यूंची मुलंच काय, नातवंडंही त्यात बसतात आणि वयाची अट नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं असं पाहिलेल्या माणसाला वाटतं, आईबापाला परवानगी मिळाली की पोरं आपोआप आलीच. अमेरिकेत तसं नाही.

२०१९च्या जुलैत नंबर लागला. मुलगी सव्वीस पुरी करून बसली होती, मुलगा वीस. मुंबईतला एक एजंट म्हणाला, ‘मॅडम, मुलगी एकवीसच्या वर गेली, तिचं नाव फॉर्ममधून काढून टाकू, फाईल हलकी होईल.’ इथे थांबा आणि दोनदा वाचा. मुलाचं नाव कधीही काढायचं नाही. येणारं असो, न येणारं असो, लग्न झालेलं असो, सावत्र असो, फॉर्म सगळी मुलं विचारतो. आज जे मूल कागदावर नाही, त्याच्यासाठी उद्या अर्ज करताना ‘हे आलं कुठून’ याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

एजंटाचं ‘एकवीसच्या वर गेली’ हेही अर्धवट होतं. एकवीस म्हणजे जन्मतारखेवरून सरळ एकवीस नव्हे. २००२ सालचा चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्ट नावाचा कायदा आहे. नंबर लागला त्या दिवशीचं मुलाचं वय घ्यायचं आणि अर्ज सरकारदरबारी मंजुरीविना जितके दिवस पडून होता तितके दिवस त्यातून वजा करायचे. उरलेलं वय एकवीसच्या आत असेल आणि मूल अविवाहित असेल, तर ते आईबापाबरोबर जातं. किती दिवस पडून होता हे मंजुरीच्या नोटिशीवर छापलेलं असतं. आय-७९७ म्हणतात तिला, एक साधा कागद, वरच्या बाजूला दोन तारखा: अर्ज मिळाल्याची आणि नोटीस काढल्याची. भावाच्या घरी ती वीजबिलांच्या फायलीत सापडली. मिळाला ऑगस्ट २००४, मंजूर जुलै २००९. म्हणजे चार वर्षं अकरा महिने. मुलगी त्या दिवशी सव्वीस वर्षं तीन महिन्यांची. वजा जाता एकवीस वर्षं चार महिने.

चार महिन्यांनी गेली.

गंमत अशी, की त्यांचं ऑफिस आणखी पाच महिने झोपलं असतं तर मुलगी आमच्याबरोबर विमानात बसली असती. आपला अर्ज लवकर मंजूर झाला म्हणून ज्यांनी नारळ फोडला, त्यांच्याच मुलांचं यात नुकसान होतं. म्हणून ही वजाबाकी नंबर लागायची वाट न बघता आधीच करून ठेवावी. निकाल तुमच्या हातात नसतो, पण चार-पाच वर्षं आधी अंदाज आला तर त्या मुलाला तिकडच्या शिक्षणाचा किंवा इकडच्या नोकरीचा वेगळा विचार करायला वेळ मिळतो. व्हिसा बुलेटिन दर महिन्याला निघतं. त्यात दोन तक्ते असतात, एक कागद भरायला सुरुवात करण्याचा आणि एक अंतिम कारवाईचा. मुंबईच्या कॉन्सुलेटमधून जाणाऱ्यांनी वय मोजायला अंतिम कारवाईचा तक्ता बघायचा. कागद भरण्याचा तक्ता बघून हुरळलेले लोक मी बरेच पाहिले आहेत.

वजाबाकीत मूल पास झालं तरी एक अट उरते. नंबर लागल्यापासून एका वर्षाच्या आत त्या मुलाच्या नावाने व्हिसासाठी पाऊल उचललेलं दिसलं पाहिजे, म्हणजे फॉर्म भरलेला किंवा फी भरलेली.

मुलीला वाटलं, निदान २००४चा नंबर तरी आपला राहील. भावाच्या ओळखीच्या वकीलबाईंनी तेही मिटवलं. अशा मुलांचे आईबाप अमेरिकेत कोर्टात गेले होते. २०१४च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की भावंडांच्या अर्जातून वयामुळे बाहेर पडलेल्या मुलाला आईबापाची जुनी तारीख मिळत नाही. मग उरतो एकच रस्ता: आईने किंवा बापाने अमेरिकेत पाऊल ठेवलं, ग्रीन कार्ड झालं, की त्या मुलासाठी स्वतः नवा अर्ज. एकवीसच्या आतल्या मुलांचा गट एफ-२ए, वरच्यांचा एफ-२बी. आम्ही २०१९च्या डिसेंबरात पोचलो आणि त्याच आठवड्यात माझ्या सहीने मुलीचा एफ-२बी अर्ज गेला. ही घाई सगळ्यांनी करावी. या गटात तारीख म्हणजेच सगळं, आणि ती अर्ज पोचल्याच्या दिवसापासून धरतात.

आता यातली खरी मेख. एफ-२बी फक्त अविवाहित मुलांना आहे. ग्रीन कार्डधारकाला लग्न झालेल्या मुलासाठी अर्जच करता येत नाही. आई किंवा बाप नागरिक होण्याआधी मुलीचं लग्न झालं तर अर्ज त्या दिवशी मरतो, पुढे घटस्फोट झाला तरी उठत नाही. आणि रांग कित्येक वर्षांची. सव्वीस वर्षांची मुलगी, पनवेलला बँकेत नोकरी, घरी स्थळं येताहेत. मुलाकडची माणसं विचारत, ‘अमेरिकेचं काय ठरलंय?’ आपण काय सांगणार?

उपाय एकच दिसत होता, मी लवकर नागरिक होणं. पाच वर्षं ग्रीन कार्ड, त्यातला निम्मा काळ प्रत्यक्ष अमेरिकेत, आणि एका वेळी सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर नाही. मी नागरिक झाल्यावर लग्न केलं तर अर्ज मरत नाही, तो विवाहित मुलांच्या एफ-३ गटात सरकतो. ती रांग आणखी लांब, पण जुनी तारीख कायम राहते.

मग ३ जून २०२० आला. निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड इथल्या वाड्या पाहिल्या नसतील त्यांना सांगून कळणार नाही. सुपारी मुळासकट नव्हे, मधूनच काडीसारखी मोडली होती. नवी लावली तर धरायला पाच-सात वर्षं जातात. घराचे कोने-पत्रे उडाले, सासूबाई एकट्या. त्या वर्षाच्या अखेरीला आम्ही दोघंही मागे आलो आणि परतायला २०२१चा ऑक्टोबर उजाडला. वर्ष पुरं झालं नव्हतं म्हणून कार्ड शाबूत राहिलं, पण सहा महिने ओलांडले होते, त्यामुळे नागरिकत्वाच्या पाच वर्षांचा हिशेब विस्कटला. दीर्घ मुक्कामासाठी री-एंट्री परमिट मिळतं, पण ते अमेरिकेत असतानाच मागावं लागतं आणि त्याने कार्ड वाचतं, नागरिकत्वाचं घड्याळ नाही. घर, वाडी, म्हातारी माणसं मागे ठेवून जाणाऱ्यांनी हे आधी ठरवावं: दोघांपैकी ज्याच्या नावे मुलांचे अर्ज जाणार, त्याने तिकडे बसायचं. मागे यायचं ते दुसऱ्याने.

मुलाची गोष्ट वेगळी, पण तीही सांगते. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. परीक्षा देऊन मागाहून ये म्हटलं. नियमात ते बसतं: मुख्य अर्जदाराने आधी जायचं, मूल त्याच नंबरावर नंतर येऊ शकतं, आणि त्याचं कागदावरचं वय गोठलेलं असतं. पण मार्च २०२०मध्ये कॉन्सुलेटमधलं व्हिसाचं काम बंद झालं, आणि एप्रिलमध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने आमच्यासारख्या गटांचे व्हिसा थांबले. ते फेब्रुवारी २०२१मध्ये सुटले. मुलगा अखेर आमच्याबरोबरच गेला. मुलाखतीची तारीख हातात असताना परीक्षेसाठी थांबायचं की नाही, यावर घरोघरी वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे: परीक्षा परत देता येते.

मुलीने २०२२च्या शेवटी लग्न केलं. ठरवलं तिनेच. अर्ज मेला. त्या सुमारास एका भल्या माणसाने सल्ला दिला होता: ‘देवळात चार माणसांत लावा, रजिस्टर करू नका, त्यांना कसं कळणार?’ असे सल्ले आपल्याकडे फार स्वस्त मिळतात. होम, सप्तपदी झाली की हिंदू विवाह कायद्याने ते लग्नच. नोंदणी नसली म्हणून माणूस अविवाहित ठरत नाही. मुलाखतीत शपथेवर खोटं बोललेलं उघडकीला आलं तर तो माणूस अमेरिकेला बहुधा जन्मभर मुकतो. फेसबुकवरच्या हळदीच्या फोटोंनी अडकलेले कमी नाहीत.

मला मुलीला रोखायचं नव्हतं, आणि कुणीच रोखू नये. रांगेची खरी लांबी तिच्यासमोर ठेवा आणि निर्णय तिच्यावर सोडा. ‘अजून एकच वर्ष थांब’ असं दर वर्षी म्हणत मुलींची तिशी उलटवलेली घरं मला माहीत आहेत.

ज्यांचं ग्रीन कार्ड नुकतंच झालंय अशा तरुण सुनांसाठी एक वेगळा मुद्दा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. मुलगी अमेरिकेहून अलिबागला आली, बाळ इथे जन्मलं, आता बाळाच्या व्हिसाचं काय, म्हणून घाबरगुंडी उडते. ग्रीन कार्डवाली आई थोड्या काळासाठी बाहेर असताना झालेलं बाळ दोन वर्षांच्या आत असेल आणि बाळंतपणानंतर आई पहिल्यांदा परत जाताना बरोबर असेल, तर त्याला वेगळा व्हिसा लागत नाही. बाळाचा पासपोर्ट आणि जन्मदाखला पुरतो. मात्र ‘पहिल्यांदा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बाळाला आजीकडे ठेवून आई आधी एकटी जाऊन आली, की ही सवलत संपली आणि बाळ एफ-२एच्या रांगेत. आणि दाखल्यावर आईचं नाव तिच्या पासपोर्टावर आहे तेच हवं. नगरपालिकेत कोणीतरी हौसेने सासरचं नाव सांगतं, पासपोर्ट असतो माहेरच्या नावाचा, आणि मग विमानतळावर ही बाळाची आई कोण, इथपासून सुरुवात.

कॅनडाला जाणाऱ्यांनी अमेरिकेचा हिशेब डोक्यातून काढून टाकावा. तिथे अवलंबून मूल म्हणजे बावीसच्या आतलं, अविवाहित. ऑक्टोबर २०१७पासून हे असं आहे, त्याआधी तीनेक वर्षं मर्यादा एकोणीसची होती. वय गोठतं ते सुरुवातीलाच, पुरा अर्ज पोचला त्या दिवशी. पण मूल बरोबर येणार नसलं तरी ते अर्जात दाखवावं लागतं आणि त्याची वैद्यकीय तपासणीही करावी लागते. न दाखवलेल्या मुलाला नंतर आईबापाने बोलावण्याची वाट त्यांचा नियम बंद करतो. २०१९पासून त्यात काही सवलत दिली आहे, पण सवलतीच्या भरवशावर मूल लपवू नये.

कागदांचं म्हणाल तर आपल्या गावांतली अडचण ठरलेली: ग्रामपंचायतीच्या दाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा, नुसतं ‘मुलगी’. नाव पुढे घालून मिळतं, पण त्यालाही मुदत आहे, म्हणून ते मुलं लहान असतानाच करून घ्यावं. नोंदच नसेल तर तसा अनुपलब्धतेचा दाखला घ्यायचा, आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला व जन्म माहीत असलेल्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं.

वकील किंवा एजंट गाठाल तेव्हा मंजुरीची नोटीस त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, ‘माझ्या मुलीच्या वयातून किती दिवस वजा होतात?’ उत्तर दिवसांत आलं नाही, तर फी देऊ नका, उठून या.