हंसा वाडकर : जीवन, भूमिका आणि ‘सांगत्ये ऐका’

आत्मचरित्र म्हणजे व्यक्तीने स्वतः लिहिलेले स्वतःचे चरित्र, अशी व्याख्या सामान्यतः केली जाते. प्रस्तुत घटकातील पुस्तक या व्याख्येत सहजासहजी बसत नाही. चित्रपट अभिनेत्री हंसा वाडकर (१९२३-१९७१) यांनी ‘सांगत्ये ऐका’ लिहिले नाही. त्यांनी ते सांगितले आणि अरुण साधू यांनी ते शब्दबद्ध केले. ‘माणूस’मध्ये प्रथम आलेले हे कथन १९७० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले, पुढच्याच वर्षी हंसाबाईंचे निधन झाले.

त्यांचे मूळ नाव रतन साळगावकर. घराण्यात कलावंतिणींची परंपरा होती. घरात गाणे होते, तशीच पैशाची चणचणही होती. ‘विजयाची लग्ने’ (१९३६) या चित्रपटातून त्या पडद्यावर आल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे तेरा वर्षांच्या आसपास होते. अभिनय ही त्यांची हौस होती, त्याआधी ती घराची मिळकत होती. पुढे ‘संत सखू’ (१९४१) मधील सोशिक भक्त स्त्री त्यांनी रंगवली आणि ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) मधील तमासगीर बयाही. एकाच अभिनेत्रीला प्रेक्षकांनी देव्हाऱ्यातही बसवले आणि बोर्डावरही नाचताना पाहिले. खाजगी आयुष्यात मात्र वयाने बऱ्याच मोठ्या पतीशी झालेला विसंवाद, मद्याची सवय आणि मराठवाड्यातील एका खेड्यात काढलेला कोंडलेला काळ हे सारे त्यांच्या वाट्याला आले. पुस्तकात या गोष्टी लपवलेल्या नाहीत.

म्हणूनच बहुतेक उत्तरपत्रिकांत ‘बेधडक आत्मचरित्र’ हे विशेषण ठरल्याप्रमाणे येते. ते चुकीचे नाही, पण त्याने फारसे काही कळत नाही. पुरुषाने असे सांगितले असते, तर हेच विशेषण आपण वापरले असते काय? काय सांगितले याइतकेच ते कसे सांगितले याकडे लक्ष द्यावयास हवे, आणि त्यासाठी शीर्षकापासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल.

हे शीर्षक अनंत माने यांच्या १९५९ सालच्या चित्रपटाचे आहे. हंसाबाईंची भूमिका असलेला तो तमाशापट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. शीर्षकात दोनच शब्द आहेत आणि दोन्ही क्रियापदे आहेत. ‘सांगत्ये’ हे बोलण्यातले रूप. प्रमाण लेखनात आपण ‘सांगते’ असे लिहू. ‘मी’ हे सर्वनाम कोठेही नाही. बोलणारी स्त्री आहे, हे क्रियापदाच्या रूपावरूनच उमगते. ‘ऐका’ या आज्ञार्थी अनेकवचनाने समोर श्रोते उभे राहतात. आता याशेजारी ‘मी, दुर्गा खोटे’ हे दुसऱ्या अभिनेत्रीच्या आत्मचरित्राचे शीर्षक ठेवून पाहा. तेथे ‘मी’ आरंभीच आहे, पाठोपाठ पूर्ण नाव आहे आणि क्रियापद मुळीच नाही. दुर्गाबाई आपली ओळख देतात. हंसाबाई श्रोत्यांना थांबवून घेतात.

येथे एक अडचण मान्य करावी लागते. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेले संवाद म्हणणाऱ्या या स्त्रीचे स्वतःचे शब्दही आपल्यापर्यंत दुसऱ्याच्या लेखणीतून पोहोचतात. कोणते वाक्य तिचे आणि कोणते लेखनिकाचे, हे छापील पानावरून ठरवता येत नाही. तरीही बोलीतील रूप शीर्षकात जसेच्या तसे राहिले, ते ‘शुद्ध’ करून घेतले गेले नाही, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

या आत्मकथनावर आधारित श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) हा हिंदी चित्रपट स्मिता पाटील यांच्या अभिनयामुळे गाजला. त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण तेथे नायिकेचे नाव उषा झाले, भाषा बदलली आणि मुख्य म्हणजे सांगणारी स्त्री दाखवली जाणारी स्त्री झाली. कॅमेऱ्याची दृष्टी तृतीयपुरुषी असते. चित्रपट उत्तमच आहे. तो पाहून पुस्तक वाचल्याचे समाधान मात्र मानू नये.

स्वाध्याय : घरातील किंवा परिसरातील एखाद्या ज्येष्ठ स्त्रीला तिच्या आयुष्यातील एक आठवण सांगण्याची विनंती करा. तिच्या संमतीने ती जशीच्या तशी उतरवून घ्या. नंतर तीच आठवण प्रमाण मराठीत लिहा आणि दोन्ही मजकूर तिला वाचून दाखवा. त्यांपैकी कोणता तिला आपला वाटला, आणि दुसऱ्यात काय गळले, याची नोंद करा.