जिव्हाबंध आणि नवजात शिशूचे स्तनपान

पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध, हा बालकुपोषण रोखण्याचा सर्वांत सुलभ उपाय होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांत झाल्या. मात्र जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेली बालके ४१.८ टक्केच होती. स्तनपानात अडथळा आणणाऱ्या अनेक कारणांपैकी जिव्हाबंध हे एक आहे.

स्वरूप : जिभेचा खालचा भाग तोंडाच्या तळाशी जोडणारा पातळ पडदा प्रत्येकास असतो. तो जन्मतः आखूड वा घट्ट असल्यास जिभेची हालचाल मर्यादित होते. यालाच जिव्हाबंध किंवा ‘टंग टाय’ म्हणतात.

दुग्धपानावरील परिणाम : दूध ओढताना शिशूची जीभ खालच्या हिरडीवर येते व मध्यभागी खाली जाऊन तोंडात पोकळी निर्माण करते. जीभ बांधलेली असल्यास पकड उथळ राहते. परिणामी मातेच्या स्तनाग्रांना वेदना व चिरा, दूध कमी येणे आणि बालकाचे वजन न वाढणे असे दुष्टचक्र सुरू होऊ शकते.

श्वसनाशी संबंध : नवजात शिशू मुख्यतः नाकाने श्वास घेते. चोखणे, गिळणे व श्वास यांची लय बिघडल्यास ते ठसकते, हवा गिळते, लवकर थकते. तथापि धाप लागणे किंवा ओठ निळे पडणे, यांचा दोष जिव्हाबंधास देऊन थांबू नये. अशा बालकास तात्काळ रुग्णालयात न्यावे.

उपचार : पडदा दिसला म्हणजे तो कापावाच, असे नाही. प्रथम स्तनपानाची स्थिती व पकड सुधारावी. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार पडदा कापल्याने मातेच्या वेदना अल्पकाळ कमी होतात; बालकाच्या दुग्धपानात मात्र सातत्याने सुधारणा आढळली नाही. अमेरिकन बालरोग अकादमीनेही २०२४ मध्ये अन्य कारणे आधी तपासण्याचा सल्ला दिला. शस्त्रक्रियेचा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांचाच असावा. घरी पडदा कापणे धोक्याचे आहे.

आरोग्य यंत्रणेची भूमिका : २०११ पासूनच्या गृहाधारित नवजात शिशू काळजी कार्यक्रमात, संस्थेत प्रसूती झाल्यास ‘आशा’ कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी भेट देते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘माँ’ कार्यक्रमाचा भरही स्तनपानविषयक समुपदेशनावर आहे. या भेटींत वजनाच्या नोंदीबरोबरच बालक प्रत्यक्ष दूध पिताना पाहिले गेले, तर अडचण वेळीच उमगेल आणि वरच्या दुधाची बाटली व अनावश्यक शस्त्रक्रिया, दोन्ही टळू शकतील.