हात बसेपर्यंत

अगं, काल रात्री तू फोनवर रडवेली होऊन म्हणालीस, "ताई, प्रोग्रामिंग ही कला आहे म्हणे. ती अंगातच असावी लागते, माझ्या अंगात नाही." कॉलेजात हे कोण म्हणालं, ते विचारत नाही. पण पोराला प्रोग्राम जमला नाही तर त्यानं अभ्यास केला नाही, आणि पोरीला जमला नाही तर तिच्या अंगातच नाही, हा हिशोब मी आपल्या टेंभुर्णीतही ऐकलाय आणि पुण्यातही.

आधी आईकडे बघ. ती शेडनेटमध्ये क्रॉसिंगला जाते, म्हणजे काय करते? उद्या उमलणारी कळी आज ओळखायची, चिमट्यानं हळूच उघडायची, पुंकेसर एकूण एक काढायचे आणि मधल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. मग त्यावर नराचा पराग लावायचा. एखादा पुंकेसर आत राहिला की फूल आपल्याच परागावर फळतं आणि संकरित बियाण्यात भेसळ होते. त्या दिवशी कुणालाच कळत नाही. कंपनी नमुना पेरून झाडं वाढवून बघते तेव्हा उघडं पडतं, आणि लॉट फेल. तुमच्या प्रोग्राममधला बग याहून वेगळा असतो का गं?

ही कला की शास्त्र, सांग बरं. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली ती संकराच्या शास्त्रावरच. पण ही कळी आज घ्यायची की उद्या, ते आईच्या डोळ्याला कळतं. पहिल्या हंगामात तिनं कितीतरी कळ्या मोडल्या होत्या, संध्याकाळी बोलणी खाऊन यायची. तू लहान होतीस तेव्हा. तिच्या अंगात काही नव्हतं, हात बसला.

आपल्या भाषेनं तर हा वाद कधी मनावरच घेतला नाही. आपण पाककलाही म्हणतो आणि पाकशास्त्रही. गाणं ही कला, पण त्यातलं सगळ्यात अवघड ते 'शास्त्रीय'!

डोनाल्ड क्नुथ यांचं नाव तुझ्या कानावर आलंच असेल. 1968 पासून निघत आलेल्या त्यांच्या ग्रंथमालेच्या नावातच प्रोग्रामिंगला कला म्हटलंय. 1974 मध्ये ट्युरिंग पुरस्कार घेताना ते याच विषयावर बोलले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की जे आपल्याला इतकं नीट समजलंय की संगणकालाही शिकवता येईल, ते शास्त्र. उरलेलं सांभाळणं ही कला. यात जन्मजात कुठे आलं? शिवाय याच माणसानं आपल्या पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला 2.56 डॉलरचं बक्षीस ठेवलंय. म्हणजे चुका त्यांच्याही होतात.

आता माझी फजिती ऐक. पहिल्या नोकरीत माझ्या बिलाच्या प्रोग्राममध्ये पैशांचा मेळ बसेना. मी एक ओळ बदलायची, चालवायची, दुसरी बदलायची. आकडा जुळला आणि मी खूश! का जुळला, देव जाणे. महिनाअखेर परत बोंब. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी मला 0.1 आणि 0.2 ची बेरीज करायला लावली. उत्तर 0.30000000000000004. संगणक दशांश आकडे द्विमानात साठवतो, तिथे 0.1 नेमका मावतच नाही. मग आम्ही सगळा हिशोब रुपयांऐवजी पूर्ण पैशांत केला. त्यांनी एक सवय लावली: ओळ बदलण्याआधी 'आता काय होईल' ते वहीत लिहायचं, मग चालवायचं. अंदाज चुकला तर जास्त बरं, कारण नेमकं कुठे समजलं नाही ते सापडतं. अशी वही तू आजच सुरू कर.

कला म्हणशील तर ती नंतर हळूच येते. व्हेरिएबलला 'एक्स' न म्हणता 'उरलेली रक्कम' म्हणावंसं वाटतं, चाळीस ओळींचं काम बारा ओळींत बसतं, दुसऱ्याला वाचताना अडू नये म्हणून आपण एक ओळ जास्त लिहितो. मला यायला तीन वर्षं लागली. खरं सांगू, अजून काही दिवशी येत नाही.

दिवाळीत आलीस की एक दिवस आईबरोबर शेडनेटमध्ये जा, तिचा चिमटा मागून घे. दोन-चार कळ्या मोडशील, ती रागावेल, रागावू दे. आणि तो अडलेला प्रोग्राम आज रात्री पाठव. नीटनेटका करून नको गं, आहे तसाच.