संशोधनाचे मोजमाप : संदर्भांची गणती

संशोधकाच्या कार्याचा प्रभाव ठरविताना त्याच्या निबंधांचा संदर्भ इतरांनी किती वेळा दिला, हे पाहण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. यूजीन गारफील्ड यांच्या संस्थेने १९६४ साली अमेरिकेत विज्ञानविषयक संदर्भसूची प्रसिद्ध केली आणि ही गणती सुकर झाली. पुढे २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ सुचविला. ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ लाभले, त्याचा निर्देशांक दहा. अकरासाठी तसेच अकरा निबंध, प्रत्येकी अकरा संदर्भांचे हवेत.

ही गणती किती अपुरी पडते, हे माहितीप्रणाली या विद्याशाखेत स्पष्ट दिसते. फ्रेड डेव्हिस यांचा १९८९ सालचा, ‘एमआयएस क्वार्टर्ली’ या नियतकालिकातील निबंध घ्या. संगणकप्रणाली आपल्या उपयोगाची व वापरावयास सोपी आहे असे वाटले, तरच कर्मचारी ती स्वीकारतात, असे त्यात प्रतिपादन आहे. हजारो अभ्यासकांनी त्याचा संदर्भ दिला. अर्थात, पारखून घेतलेली प्रश्नावली त्यात आयती मिळते, आणि ती वापरणाऱ्यास मूळ निबंधाचा उल्लेख करावाच लागतो, हेही त्याचे एक कारण होय. एच-निर्देशांकात मात्र या निबंधाची भर अवघी एकाची!

निवड समितीपुढे येणारा आकडा सूचीनुसारही बदलतो. ‘गूगल स्कॉलर’ प्रबंध व पुस्तकांतील संदर्भही धरते. ‘वेब ऑफ सायन्स’चा भर निवडक नियतकालिकांवर असतो. तेव्हा दोन उमेदवारांची तुलना करावयाची, तर दोघांचे आकडे एकाच सूचीतून व एकाच दिवशी घेतलेले असावेत. तरुण उमेदवाराचा निर्देशांक कमी असणे तर स्वाभाविकच आहे. त्याचे निबंध इतरांच्या हाती पडून फार दिवस झालेले नसतात.