आसन सांगितलं, टोपी नाही

चंदगडला आषाढात पाऊस लागला की दिवस-दिवस उघडत नाही. रोपलावणीवरून आलेल्या बायकांच्या खोळी पडवीत निथळत होत्या. आबांनी टोपी काढून मांडीवर घडी सरळ केली. कपाळावर तिच्या काठाचा तांबूस वळ होता.

नात : आबा, आमच्या ऑनलाइन योगवर्गात बाई म्हणाल्या, ध्यानाला बसताना डोक्याला पांढरं कापड बांधा. नाहीतर टाळूतून ऊर्जा जाते म्हणे. खरं आहे का?

आबा : वर्ग कुठल्या पद्धतीचा?

नात : कुंडलिनी योग.

आबा : मग ती योगी भजन यांची पद्धत असणार. 1969 पासून ते लॉस एंजेलिसमध्ये शिकवत. शीख घरातले, पगडी अंगवळणी पडलेली. तीच शिष्यांनीही घेतली. त्यांच्या वर्गात बसतेस तर बांध, पण सगळ्या योगाचा तो नियम समजू नकोस.

नात : कुंडलिनी तर ज्ञानेश्वरीतही आहे ना?

आबा : आहे, सहाव्या अध्यायात, आणि काय बारकाईनं! जागा कशी असावी, दर्भावर धुतलेलं वस्त्र, त्यावर मृगाजिन, आसन फार उंच नको, फार सखल नको. पाठ, मान, डोकं एका रेषेत ठेवा, हे गीतेतच आहे. बुडाखालच्या वस्त्राची एवढी काळजी घेतली, पण डोक्यावरच्या कापडाची अट घातली नाही.

नात : मग तुम्ही टोपीशिवाय भजनाला का बसत नाही? रवळनाथाच्या देवळात आज्जीही पदर घेते.

आबा : ती मर्यादा, पोरी. देवापुढं, थोरांपुढं डोकं झाकायचं, ही आपली रीत. कीर्तनकार फेटा बांधतात तेही त्यातलंच. उलट जपाच्या जुन्या नियमांत पागोटं घालून जप करू नये, असं सांगितलेलं आहे. मनुस्मृती डोकं गुंडाळून जेवायलाही नको म्हणते. म्हणून मी म्हणतो, हा नियम योगाचा नाही, ज्याच्या त्याच्या संप्रदायाचा.

नात : पण डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता जाते ना?

आबा : तेही खरं नाही. मोठ्या माणसाचं डोकं म्हणजे अंगाचा साधारण दहावा भाग, उष्णताही साधारण त्याच मानानं जाते. मात्र अर्धा तास न हलता बसलीस की अंग निवतं, कान गार पडतात, मन सारखं तिकडंच जातं. पुण्याच्या अय्यंगार गुरुजींच्या पद्धतीत शवासनाला, प्राणायामाला कपाळ-डोळ्यांवरून पट्टी गुंडाळतात, तीसुद्धा डोळे निवावेत म्हणून.

नात : शीर्षासनाला?

आबा : तिथं डोक्यावर काही नको, कापड घसरलं तर मान दुखावेल.

नात : म्हणजे उद्या पहाटे काय करू?

आबा : गारवा असेल तर खुशाल कानटोपी घाल, नसेल तर उघड्या डोक्यानं बस. मान तेवढी ताठ ठेव.