पिष्ट नव्हे, प्रथिन

कलाशाखेच्या वार्षिकात प्रथिनांवरचा लेख पाहून वाचकांना नवल वाटेल. परंतु एखादी गोष्ट कोणत्या साधनाने कळली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला जितका महत्त्वाचा, तितकाच शास्त्रज्ञालाही. याचे उदाहरण म्हणून मी 'अमायलॉइड' तंतू निवडले आहेत. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या विकारात मेंदूत असेच तंतू साठतात.

१८५४ मध्ये रुडॉल्फ विर्खो यांनी मेंदूतील काही कणांना आयोडीन लावले. रंग पिष्टासारखा आला, म्हणून 'अमायलॉइड', म्हणजे पिष्टासारखे, हे नाव त्यांनी दिले. १८५९ मध्ये फ्रीडरिख व केकुले यांनी अशा साठ्यांचे रासायनिक पृथक्करण केले, तेव्हा पदार्थ प्रथिनाच्या जातीचा निघाला. नाव मात्र तेच राहिले.

पुढे साधने बदलली, तसे ज्ञान वाढले. काँगो रेड रंग दिलेले साठे ध्रुवित प्रकाशात हिरवे चमकतात, हे १९२७ मध्ये दिसले. अर्थात आतील रचना शिस्तबद्ध असली पाहिजे. १९५९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने बारीक तंतू दाखविले. १९६८ मध्ये क्ष-किरणांनी आतली मांडणी उलगडली : प्रथिनाच्या साखळ्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे तंतूला आडव्या असतात व दोन पायऱ्यांतील अंतर सुमारे ४.७ अँगस्ट्रॉम असते. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) २०१७ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूतील 'टाउ' प्रथिनाचे तंतू अतिशीत अवस्थेत गोठवले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेल्या असंख्य प्रतिमा जुळवून त्यांची घडी जवळजवळ अणूंपर्यंत दाखविली.

खरी अडचण तंतूच्या पूर्वरूपांची आहे. तंतू बनण्याआधी थोड्या रेणूंचे पुंजके तयार होतात. ते अल्पायुषी असतात आणि एकाच द्रावणात लहानमोठे मिसळलेले असतात. क्ष-किरणांना नियमित मांडणी लागते, ती येथे नाही. थायोफ्लेव्हिन-टी हा रंग मुख्यतः तंतूंना चिकटून उजळतो. पुंजके बहुधा त्याच्या नजरेतून निसटतात. अणुबल सूक्ष्मदर्शक पुंजक्यांचा आकार सांगतो, अंतरंग नाही. वर्तुळी द्विवर्णता या पद्धतीने साखळ्यांची घडी कळते, पण ती साऱ्या मिश्रणाची सरासरी असते. म्हणून अनेक साधनांची साक्ष ताडून पाहावी लागते.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. पक्क्या तंतूंपेक्षा ही पूर्वरूपेच चेतापेशींना अधिक घातक असावीत, असे अनेक संशोधकांचे मत आहे. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे औषध मुख्यतः 'बीटा-अमायलॉइड' प्रथिनाच्या अशा पूर्वरूपांनाच धरते. त्याने ऱ्हास काहीसा मंदावतो, रोग बरा होत नाही. शत्रूचे रूप जितके स्पष्ट होईल, तितका पुढच्या औषधाचा नेम अचूक बसेल, असे मला वाटते.